चाळीस चेहऱ्यांची सरासरी काढताना

वाचक विचारतात

मागच्या अंकात अनेक चेहऱ्यांच्या मोजमापांतून, फोटोंतून किंवा आकड्यांतून घडणाऱ्या चित्रांची ओळख करून दिली होती. त्यानंतर पुण्याच्या वेगवेगळ्या भागांतून प्रश्न आले. काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनासाठी ४० सभासदांच्या फोटोंतून एकच चेहरा करायचा आहे. प्रत्येकीने मोबाइलवर स्वतःचा फोटो काढून पाठवला. ते सगळे गिम्प या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये एकावर एक ठेवून प्रत्येक लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्के केली. चेहरा दिसतो तो फक्त वरच्या दोन-तीन फोटोंतल्या बायकांचा. कानांच्या जागी धूर आहे, आणि नथ दोन्ही नाकपुड्यांवर! कुठे चुकलं? (कोथरूड)

तुमच्या चित्रात चार वेगवेगळ्या चुका एकत्र आल्या आहेत. एकेक सोडवू.

आधी ओपॅसिटी. सगळे लेयर ५० टक्के केले की सगळ्यात वरच्या फोटोला निम्मा वाटा मिळतो, त्याखालच्याला पाव, त्याखालच्याला साडेबारा टक्के. वरून सातव्या फोटोपर्यंत पोचताना वाटा एक टक्क्याहून कमी होतो. म्हणजे तुमच्या मंडळातल्या तीसेक जणी चित्रात जवळजवळ नाहीतच. सर्वांना सारखा वाटा द्यायचा तर सगळ्यात खालचा लेयर १०० टक्के, दुसरा ५०, तिसरा ३३.३, चौथा २५, असं १०० ला लेयरच्या क्रमांकाने भागत जायचं. चाळिसावा येतो २.५ टक्के. हे करण्याआधी इमेज मेनूतल्या प्रिसिजनमध्ये जाऊन ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट आणि लिनिअर लाइट निवडा. ८ बिटमध्ये प्रत्येक पायरीला आकडे पूर्णांकात कापले जातात आणि गालांवर पट्टे उमटतात. लिनिअर लाइटचं कारण वेगळं आहे. फाइलमधला आकडा आणि प्रत्यक्ष प्रकाश यांचं प्रमाण सरळ नसतं. काळा ० आणि पांढरा २५५ यांची फाइलमधल्या आकड्यांवर सरासरी काढली तर १२८ येते, प्रकाशाची सरासरी काढून परत फाइलच्या आकड्यात आणली तर १८८. पहिल्या पद्धतीने चेहरा उगाच काळवंडतो.

नथेचं कारण सेल्फी. समोरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो बऱ्याच मोबाइलमध्ये आरशातल्यासारखा उलटा साठवला जातो, त्यामुळे डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे जाते. काही सुलट, काही उलटे फोटो मिसळले की दोन्हीकडे नथेची सावली येते. भांगही असाच दोन्ही बाजूंना पांगतो. सेल्फीत आणखी एक दोष असतो. हात लांब करून काढलेल्या फोटोत कॅमेरा चेहऱ्यापासून अर्ध्या मीटरवर असतो, त्यामुळे नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. हे नंतर दुरुस्त होत नाही.

म्हणून फोटो नव्याने काढा. मंडळाच्या हॉलमध्ये खिडकीचा सौम्य प्रकाश येईल अशी जागा बघा, जमिनीवर टेपने खूण करून खुर्ची तिथेच ठेवा. कॅमेरा तिपाईवर, डोळ्यांच्या उंचीला, दोन मीटर अंतरावर. मोबाइल असेल तर मागचा कॅमेरा, दुप्पट झूम, ब्यूटी मोड बंद. चष्मा काढलेला, तोंड मिटलेलं, केस कानांमागे. तोंड उघडं असलेला एखादा फोटो मिसळला तरी ओठांमध्ये दातांची करडी रेघ येते. सुरुवातीला प्रत्येकीच्या हातात करडं कार्ड देऊन एक फोटो घ्या, म्हणजे व्हाइट बॅलन्स सगळ्यांचा एकाच कार्डावरून लावता येईल. एकीला तीन मिनिटं धरली तर दोन तासांत काम होतं.

आता कानांचा धूर. फक्त डोळे जुळवून फोटो रचले तर डोळे स्वच्छ येतात, बाकी सगळं सरकतं. चेहऱ्याचा आकारही जुळवावा लागतो, आणि हे गिम्पमध्ये हाताने होण्यासारखं नाही. पायथन भाषेत ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या साधनसंचाच्या मदतीने करतात. चेहऱ्यावरचे बिंदू शोधायला डीलिब किंवा मीडियापाइप ही साधनं आहेत. डीलिबचं प्रचलित मॉडेल चेहऱ्यावर ६८ बिंदू शोधतं: जबड्याला १७, भुवयांना १०, नाकाला ९, डोळ्यांना १२ आणि ओठांना २०. मीडियापाइपची जाळी ४६८ बिंदूंची आहे. चित्रं विकणार असाल तर मीडियापाइपच घ्या, कारण डीलिबचं ते मॉडेल ज्या फोटोसंग्रहावर शिकवलं आहे त्याच्या परवान्यात व्यावसायिक वापर बसत नाही.

१२०० बाय १५०० पिक्सेलचा कॅनव्हास घेऊन प्रत्येक चेहरा फिरवून आणि लहानमोठा करून असा बसवा की डोळ्यांचे मध्य डावीकडून ४२० आणि ७८० वर, वरून ६०० वर येतील. मग सर्व बिंदूंची सरासरी काढा. या सरासरी बिंदूंत कॅनव्हासचे चार कोपरे आणि चार कडांचे मध्य मिळवून त्यांचे त्रिकोण पाडा. ६८ बिंदू असतील तर सुमारे दीडशे त्रिकोण होतात. प्रत्येक फोटोतला तोच त्रिकोण ताणून सरासरीच्या त्रिकोणात बसवायचा आणि शेवटी रंगांची सरासरी काढायची. त्रिकोणांची यादी एकदाच, सरासरी आकारावरच बनवायची. प्रत्येक फोटोसाठी वेगळी बनवली तर गालाचा तुकडा कपाळावर जातो. त्रिकोणांच्या सीमेवर बारीक काळ्या रेघा आल्या तर प्रत्येक त्रिकोण एक पिक्सेल मोठा कापा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे अडेल अशी गोष्ट म्हणजे टिकली. ६८ बिंदू भुवयांपाशी संपतात, कपाळावर एकही नाही. प्रत्येकीची टिकली थोडी वरखाली असते, म्हणून सरासरीत तिचा तांबूस डाग होतो आणि केसांची सुरुवातही अंधूक होते. भुवयांच्या मध्ये एक आणि केसांच्या रेषेवर चार बिंदू हाताने नेमून द्या. ज्यांनी टिकली लावलेली नाही त्यांच्याही फोटोत तो बिंदू हवाच. मग टिकली एका जागी येईल आणि जितक्या जणींनी लावली आहे तितकीच गडद दिसेल. चाळिसातल्या पंचवीस जणींची टिकली साधारण साठ टक्के रंगाची येते. ती तशीच राहू द्यावी, हाताने गडद करू नये.

प्रश्न : किती फोटो पुरतात? (वारजे)

सोळा फोटोंना व्यक्तिगत फरक एक चतुर्थांश उरतो, शंभरांना एक दशांश, कारण तो संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. पन्नासावा फोटो चित्राचे फक्त दोन टक्के बदलतो. चित्रासाठी तीस ते चाळीस छान. त्यापुढे मेहनत वाढते, चेहरा फारसा बदलत नाही.

प्रश्न : आमच्या गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यांचा सरासरी चेहरा फारच देखणा आला. हाच 'खरा पुणेरी चेहरा' म्हणून देखाव्यात लावावा का? (सदाशिव पेठ)

लावा, पण त्या नावाने नको. देखणेपणा गणितातून आला आहे. मुरुमाचे डाग, तिरकं नाक, एका बाजूला उचललेली भुवई प्रत्येकाची वेगळ्या जागी असते, म्हणून सरासरीत ती पुसली जाते. त्वचा नितळ आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात. लँगलॉइस आणि रॉगमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये १६ आणि ३२ चेहऱ्यांची सरासरी चित्रं लोकांना दाखवली, तेव्हा ती मूळच्या बहुतेक चेहऱ्यांपेक्षा आकर्षक ठरली.

हाच अनुभव ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनला १८७८ मध्ये आला होता. एका काचेवर आठ चित्रं घ्यायची आणि पूर्ण एक्स्पोजर ८० सेकंदांचं असेल तर प्रत्येकाला १० सेकंद द्यायचे, ही त्याची रीत. कैद्यांचे फोटो एकत्र करून गुन्हेगाराचा नमुना सापडेल अशी त्याची अपेक्षा होती. हाती आला तो साधासुधा, मूळ माणसांहून बरा दिसणारा चेहरा. तरीही माणसांची प्रतवारी करण्याचा नाद त्याने सोडला नाही, आणि १८८३ मध्ये 'युजेनिक्स' (निवडक माणसांच्या प्रजननातून वंश 'सुधारण्याची' कल्पना) हा शब्दही त्यानेच घडवला. सरासरी चेहऱ्याला 'खरा' म्हणण्याची सवय त्या वाटेवरची आहे, म्हणून आम्ही तिला ठाम नकार देतो. चित्राखाली 'मंडळाचे ४० कार्यकर्ते, वय १९ ते ६३' असं जे खरंच मोजलं आहे ते लिहा.

सगळ्यांना सारखा वाटा द्यायलाच हवा असं मात्र नाही. चित्रकार नॅन्सी बर्सन यांनी १९८२ मध्ये पाच राष्ट्रप्रमुखांचे चेहरे त्यांच्या अण्वस्त्रांच्या प्रमाणात मिसळले. रेगन ५५ टक्के, ब्रेझनेव्ह ४५ टक्के, आणि थॅचर, मितराँ, डेंग यांचा प्रत्येकी एक टक्क्याहूनही कमी वाटा. थॅचर त्या चित्रात डोळ्यांना सापडत नाहीत, आणि चित्राला सांगायचं आहे ते नेमकं हेच. तुमच्याकडे प्रत्येकाला मंडळात घालवलेल्या वर्षांइतका वाटा देता येईल. प्रत्येकाचा चेहरा वर्षांनी गुणायचा, बेरीज करायची आणि एकूण वर्षांनी भागायची. बिंदूंनाही तेच गुणक लावा, फक्त रंगांना लावले तर आकार सगळ्यांचा आणि त्वचा ज्येष्ठांची असं विचित्र रूप येतं. आधी एक हिशेब करून बघा: सर्व गुणकांच्या बेरजेचा वर्ग भागिले गुणकांच्या वर्गांची बेरीज. उत्तर ४० ऐवजी १२ आलं तर चित्र बारा माणसांच्या सरासरीइतकंच मऊ होईल.

प्रश्न : चेर्नॉफ पद्धतीने, म्हणजे प्रत्येक आकडा चेहऱ्याच्या एकेका अवयवाला जोडून, पुण्याच्या बारा महिन्यांचे बारा चेहरे काढायचे आहेत. कमाल तापमान, किमान तापमान, पाऊस, सकाळची आर्द्रता आणि पावसाचे दिवस असे पाच आकडे आहेत. 'आर' या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅममध्ये केलं तर चेहरे विदूषकासारखे येतात आणि डिसेंबर ते मार्च सगळे सारखेच दिसतात. (पाषाण)

हर्मन चेर्नॉफ यांनी ही पद्धत १९७३ मध्ये मांडली. जीवाश्म आणि खनिजांच्या नमुन्यांची मापं त्यांनी चेहऱ्यांत उतरवली, एका चेहऱ्यात १८ पर्यंत चल (बदलणारी मापं) बसवता येत होते. 'आर'मधल्या एपीएलपॅक या पॅकेजचे चेहरे पंधरा अवयवांवर चालतात. तुम्ही पाचच स्तंभ दिलेत, म्हणून ते पुन्हा पुन्हा वापरले गेले आणि एकच आकडा चेहऱ्याची उंची, हसू आणि केस अशा अनेक गोष्टी एकदम हलवू लागला. विदूषक त्यातून आले.

बाराच चेहरे आहेत, तर हाताने काढा. चित्रकाराच्या हातची रेघ इथे संगणकापेक्षा सरस ठरते. ए५ कागद घ्या आणि प्रत्येक चलासाठी ० ते १ अशी पट्टी करा: त्या महिन्याच्या आकड्यातून वर्षातला सर्वांत लहान आकडा वजा करायचा आणि मोठ्या-लहानातल्या फरकाने भागायचं. मग चेहऱ्याची रुंदी ७० मिलिमीटर अधिक ३० गुणिले कमाल तापमानाची पट्टी. डोळ्याची उंची ६ अधिक ८ गुणिले किमान तापमानाची पट्टी. भुवईचा कल, केसांची उंची यांचीही अशीच सूत्रं ठरवून एका वेगळ्या कागदावर लिहून ठेवा.

डिसेंबर ते मार्च सारखे दिसतात ते पावसामुळे. जुलैच्या आकड्यापुढे कोरडे महिने शून्याला चिकटतात. पावसाचं वर्गमूळ घेऊन मग पट्टी करा. समजा सर्वांत कोरडा महिना शून्याचा, सर्वांत मोठा २०० मिलिमीटरचा आणि एक लहान महिना १० मिलिमीटरचा आहे. सरळ भागाकाराने लहानाला ०.०५ मिळतं, वर्गमुळाने ०.२२. एवढा फरक कागदावर दिसतो. पाऊस आणि पावसाचे दिवस (हवामान खात्याच्या हिशेबी २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झालेला दिवस) जवळजवळ एकत्रच वरखाली होतात. दोन्ही घेतले तर तीच गोष्ट दोनदा मोठ्याने सांगितली जाते, म्हणून एक गाळा.

कोणता आकडा कोणत्या अवयवाला द्यायचा हा सगळ्यात नाजूक निर्णय. आपली नजर आधी तोंडाकडे आणि डोळ्यांकडे जाते, कानांकडे क्वचितच. चेर्नॉफ आणि रिझवी यांनी १९७५ मध्ये दाखवलं की अवयवांची वाटणी बदलली की लोकांच्या वर्गीकरणातल्या चुकांचं प्रमाणही बदलतं. म्हणून तीन वेगवेगळ्या वाटण्या करून कच्चे चेहरे काढा आणि चार जणांना सारखे महिने एकत्र ठेवायला सांगा. वाटणीबरोबर गट बदलत असतील तर चित्र पावसाबद्दल बोलत नाही, तुमच्या वाटणीबद्दल बोलतं आहे.

आणि ओठांची वक्रता पावसाला जोडू नका. मग जुलै सगळ्यात जास्त हसेल, आणि नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरलेल्या घराला ते हसू बघावं लागेल. उलट जोडलं तर शेतकऱ्याचा पाऊस रडका होईल. युजीन टर्नर यांच्या १९७७ च्या लॉस एंजेलिस नकाशात बेरोजगारी तोंडावर आणि वस्तीतल्या गोऱ्यांचं प्रमाण चेहऱ्याच्या रंगावर दाखवलं होतं. नकाशा आजही शिकवला जातो आणि त्यावरचा वादही संपलेला नाही. तोंड सरळ रेघेचं ठेवा, आकड्यांना केस, कपाळ आणि चेहऱ्याची रुंदी द्या.

प्रश्न : १०० फोटोंचे 'आयगनफेस' काढले. पहिले दोन-तीन नुसते अर्धे काळे, अर्धे पांढरे, भुतासारखे दिसतात. प्रोग्रॅम चुकला का? (औंध)

प्रोग्रॅम ठीक आहे, तुमचा प्रकाश एकसारखा नव्हता. आयगनफेस म्हणजे सरासरी चेहऱ्यापासून फोटो ज्या दिशांनी सर्वांत जास्त वेगळे पडतात त्या दिशा. काही फोटोंत उजेड डावीकडून आणि काहींत उजवीकडून असेल, तर तोच सगळ्यात मोठा फरक. संगणकाला नाक आणि सावली यांतलं काय महत्त्वाचं ते कळत नाही. चेहरे ओळखण्याच्या कामात पहिले तीन कधी कधी गाळतात. चित्रासाठी एकाच उजेडात पुन्हा फोटो काढणं बरं.

सिरोविच आणि कर्बी यांनी १९८७ मध्ये ११५ चेहऱ्यांवर हे केलं आणि जवळपास ४० घटकांत (म्हणजे आयगनफेसांत) चेहरा चांगला उभा राहतो असं दाखवलं. ते सगळे गोरे पुरुष होते, तेव्हा तो ४० चा आकडा आपल्या फोटोंना जसाच्या तसा लावू नका. १२८ बाय १२८ पिक्सेलच्या फोटोला १६,३८४ आकडे असतात आणि त्यांचा चौरस तक्ता २६ कोटींहून मोठा होतो. संगणक तिथे अडला तर १०० बाय १०० चा उलटा तक्ता वापरा, उत्तर तेच मिळतं. फोटो १०० असतील तर अर्थपूर्ण घटक जास्तीत जास्त ९९. छापताना शून्याला मधला करडा रंग द्या, कारण निम्मे आकडे ऋण असतात. भुतं नको असतील तर घटक नुसता छापू नका. सरासरी चेहऱ्यात तो दोन प्रमाण विचलनं (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) मिळवून एक आणि वजा करून एक, अशी जोडी छापा. मग जबडा रुंद होत जाताना दिसतो. कोणती बाजू अधिक आणि कोणती उणे हे संगणक मनमानी ठरवतो, त्यात अर्थ शोधू नये.

प्रश्न : रद्दीत चेहऱ्यांच्या मोजमापांचं जुनं पुस्तक मिळालं. त्यातल्या सरासऱ्यांवरून प्रत्येक जातीचा एकेक चेहरा रंगवावा असं मनात आहे. (डेक्कन)

असं करू नका, ही कळकळीची विनंती. पहिलं कारण तांत्रिक आहे. नाकाच्या लांबीची सरासरी, रुंदीची सरासरी, जबड्याची सरासरी जोडून होणारा चेहरा बहुधा कुणाचाच नसतो. अमेरिकी हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्स यांनी ४,०६३ वैमानिकांच्या शरीराची दहा मापं तपासली, तेव्हा दहाही मापांत सरासरीच्या जवळ असलेला एकही वैमानिक निघाला नाही.

दुसरं कारण इतिहासाचं, आणि ते पुण्याशी जोडलेलं आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या असमानतेवर संशोधन केलं. वंशानुसार फरक दिसेल ही फिशर यांची अपेक्षा कर्वे यांच्या मोजमापांनी खरी ठरवली नाही, आणि त्यांनी आकडे होते तसे मांडले. पुढे डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी महाराष्ट्रात मोजमापांचं मोठं काम केलं. असे तक्ते वाचताना सरासरीच्या शेजारचा प्रमाण विचलनाचा रकाना आधी बघावा.

चित्र तिथेच आहे. समजा दोन गटांच्या नाकाच्या रुंदीत १ मिलिमीटरचा फरक आहे आणि दोन्हींचं प्रमाण विचलन २.५ मिलिमीटर. मग दोन्ही गट सुमारे ८४ टक्के एकमेकांवर पडतात. एक्सेलमधल्या 'नॉर्म डॉट इन्व्ह' सूत्रात यादृच्छिक संख्या, सरासरी आणि विचलन देऊन प्रत्येक गटाच्या शंभर रुंद्या काढा, आणि दोनशे नाकांच्या रेषा एकाच शाईने, ०.१ मिलिमीटरच्या पेनने एकावर एक ओढा. कोणती रेघ कोणत्या गटाची, हे बघणाऱ्याला सांगता येणार नाही. एका वेळी एकच माप घ्या. लांबी आणि रुंदी स्वतंत्रपणे काढून जोडली तर त्यांच्यातला संबंध तुटतो आणि अशक्य नाकं तयार होतात. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेलं गटांमधल्या अंतराचं माप हा परस्परसंबंध हिशेबात घेतं, पण त्यासाठी सहसंबंधाचे आकडे लागतात. पुस्तकात ते असतील तरच पुढे जा.

प्रश्न : प्रदर्शन महिन्यावर आलं आणि ४१ पैकी एका बाईंनी 'माझा चेहरा काढून टाका' म्हटलं. चित्र आधीच व्हॉट्सॲपवर फिरलं आहे. एवढ्या मिश्रणात त्यांना कोण ओळखणार? (हडपसर)

कोण ओळखणार हा मुद्दाच नाही. त्यांनी नाही म्हटलं, तेव्हा काढायचं. प्रत्येकीचा ताणून बसवलेला चेहरा वेगळ्या फाइलमध्ये ठेवला असेल तर काम सोपं आहे. १२०० बाय १५०० ची ३२ बिट फाइल २१.६ एमबीची होते, ४१ जणींच्या मिळून ९०० एमबीच्या आत. बेरजेतून त्यांची फाइल वजा करून ४० ने भागा. सरासरी आकारही किंचित बदलतो, म्हणून वेळ असेल तर बिंदूंपासून पुन्हा सगळं चालवा. मूळ फोटो, बिंदूंची फाइल आणि क्लाउडवरच्या प्रती पुसा.

आता धोका लक्षात घ्या. जुनं चित्र लोकांकडे आहे आणि तुम्ही नवं प्रसिद्ध करणार. जुन्याला ४१ ने गुणून त्यातून नव्याची ४० पट वजा केली की उरतो तो नेमका त्या बाईंचा चेहरा. ८ बिटच्या फाइलींत भरपूर दाणे येतील, पण चेहरा ओळखू येऊ शकतो. नुसती वजाबाकी करून छापलं तर त्यांना लपवण्याऐवजी उघडं पाडल्यासारखं होईल. म्हणून त्यांना वगळताना संमती असलेल्या तीन-चार नव्या जणींना त्याच वेळी मिसळा, सगळं बिंदूंपासून पुन्हा चालवा, कॅनव्हासचं मापही बदला. पुढच्या वेळी संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, आणि फोटो काढण्याआधी. चित्र कुठे लागेल, विकलं जाईल का, मूळ फोटो कधी पुसले जातील आणि माघार घेण्याची शेवटची तारीख कोणती, ते त्यात लिहा. ती तारीख पहिलं चित्र कुणालाही पाठवण्याच्या आधीची असू द्या.